डाव्या गालाचं टचिंग

माझ्या नातीच्या मोबाइलमध्ये एक बटण आहे. ते दाबलं की चेहऱ्यावरचे डाग, सुरकुत्या, पुटकुळ्या सगळं नाहीसं होतं. परवा तिनं माझाच फोटो काढला, मला वीस वर्षांनी तरुण केलं आणि म्हणाली, "आजोबा, बघा जादू." मी म्हटलं, बाई गं, ह्या जादूवर मी उभा जन्म भाकरी खाल्ली आहे, आणि एकदा तिच्यापायी गजाआड जाता जाता राहिलो आहे. तिनं मोबाइल बाजूला ठेवला. तिला जे सांगितलं तेच इथं लिहितो आहे.

मी बदनापूरचा. स्टुडिओ जालन्याला. सकाळच्या गाडीनं जायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं. जालना तेव्हा जिल्हा झाला नव्हता, औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका होता. ह्या धंद्यात मला आणलं ते रिकाम्या खिळ्यांनी. आमच्या लोकांनी धम्म घेतला तेव्हा घराघरांतल्या जुन्या तसबिरी उतरल्या. मधल्या खिळ्यावर बुद्धाची तसबीर गेली, बाकीचे खिळे तसेच राहिले. मग लोकांना वाटू लागलं, ह्या खिळ्यावर आपला बाप का नसावा, आपली आई का नसावी? माझे वडील वस्तीसाठी फोटोवाला शोधायला जालन्याला गेले आणि त्याच्याकडे मलाच कामाला लावून परत आले. तोच माझा उस्ताद, आणि तो गेल्यावर स्टुडिओ माझ्याकडे आला.

नव्या वाचकांना टचिंग म्हणजे काय ते सांगायला हवं. तेव्हा फोटो काढला की आधी निगेटिव्ह तयार व्हायची. तिच्यात सगळं उलटं, काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. गालावरचा काळा डाग निगेटिव्हमध्ये पारदर्शक ठिपका दिसतो. तिच्यावर पातळसं चिकट औषध चोळायचं, तिला काचेच्या उतरत्या डेस्कवर ठेवायचं, खाली आरसा लावून उजेड घ्यायचा, आणि सुईसारखं टोक केलेल्या कडक पेन्सिलीनं तो ठिपका बारीक बारीक स्वल्पविरामांनी भरून काढायचा. भरला की छापलेल्या फोटोत डाग गायब. काम डोळे फोडणारं, पण गिऱ्हाईक आरशात बघतं त्यापेक्षा फोटोत बघून जास्त खूश व्हायचं, आणि खूश झालेलं गिऱ्हाईक भावजयीला घेऊन परत यायचं.

ह्या पेन्सिलीनं मी काय काय केलं त्याला गणती नाही. देवीचे वण बुजवले. लग्नाच्या मुलीला दोन छटा उजळ केलं आणि मग मुलगी बघायला आलेल्यांच्या शिव्या खाल्ल्या. मेलेल्या माणसाचा फोटो काढून त्याचे मिटलेले डोळे उघडे रंगवले, त्याच्या म्हाताऱ्या बायकोनं बघून सांगितलं, "एवढे मोठ्ठे डोळे करून त्यांनी माझ्याकडं कधीच बघितलं न्हाई." पुढं पुढं हात इतका बसला की डेस्कवर कोण आहे हे बघायचीही गरज उरली नाही. निगेटिव्ह आली, डाग दिसला, पेन्सिल चालली. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

त्या काळी पोलिसांकडे कॅमेरा नसायचा. चोर पकडला की त्याचा फोटो काढायला मला बोलवायचे, नाहीतर चोरालाच माझ्याकडे आणायचे, कारण माझा कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावरचा, उचलायला दोन माणसं लागायची. जमादारसाहेब म्हणून एक वयस्कर गृहस्थ होते, निजामाच्या राज्यात भरती झालेले. दर वाक्याला 'बिलकुल' आणि 'बराबर'. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी ते एका माणसाला हातकडी घालून माझ्या स्टुडिओत घेऊन आले. हसनाबादचा लिंबाजी मिस्त्री. विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करायचा. कुणाच्या विहिरीवर कोणतं इंजिन आहे, ते किती बोल्टांवर बसवलं आहे, कुत्रा चावरा आहे की नुसता भुंकणारा, हे सगळं त्याला कामामुळे माहीत. दिवसा दुरुस्त केलेलं इंजिन तो महिन्याभरानं उचलून न्यायचा. अशा एका इंजिनाच्या चोरीत तो सापडला होता.

मी त्याला मखमली खुर्चीवर बसवलं. मागं तळ्यात हंस पोहणारा पडदा होता, जमादारसाहेबांनी तो गुंडाळायला लावला. लिंबाजीच्या हातात नाव लिहिलेली पाटी दिली. मी काळ्या फडक्याखाली गेलो, काच जुळवली, बाहेर आलो आणि रोज शंभरदा म्हणायचो तेच म्हणालो, "जरा हसा."

जमादारसाहेबांनी कपाळावर हात मारला. पण तोवर लिंबाजी हसला होता. खुदकन, आतून, लग्नाच्या वरातीत असल्यासारखा. मी चाप दाबून मोकळा झालो होतो.

संध्याकाळच्या गाडीच्या घाईत मी निगेटिव्ह डेस्कवर घेतली. डाव्या गालावर, डोळ्याखालून जबड्यापर्यंत तिरका जुना व्रण होता. पेन्सिल चालली. दुसऱ्या दिवशी छापलेल्या प्रती ठाण्यावर पोचवल्या. साहेबांनी बघितल्या, हसण्याबद्दल पुन्हा एकदा मला झापलं, आणि पाकिटात घातल्या. व्रणाचं त्यांच्याही ध्यानात आलं नाही. लिंबाजीला दीड वर्षाची शिक्षा झाली आणि त्याला औरंगाबादच्या तुरुंगात नेलं.

पंधरा दिवसांनी एक बाई दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. तिशीच्या आतली, पायांवर हसनाबादहून आलेल्या बसची धूळ, काखेत बोचकं. म्हणाली, "दादा, आमच्या मालकाचा फोटो तुमच्याकडं हाय म्हणं." कोण मालक, नाव काय, असं मी विचारलं. नवऱ्याचं नाव ती घेणार कशी? म्हणाली, "तुम्ही ज्यांला हसा म्हनले, ते." कोर्टात भेट झाली तेव्हा लिंबाजीनं तिला ही गंमत सांगितली होती. तिचं नाव गयाबाई.

तिला जोडीचा फोटो हवा होता. आठ वर्षांच्या संसारात दोघांचा एकही फोटो नव्हता. दीड वर्ष घरात एकटीनं काढायचं तर भिंतीवर काहीतरी असावं, एवढंच तिचं म्हणणं. मी सांगितलं, तो फोटो पोलिसांचा आहे, देता येत नाही. तिनं हात जोडले नाहीत की डोळ्याला पदर लावला नाही. म्हणाली, देऊ नका, निसता दावा तरी. माझ्याकडे एक वाया गेलेली प्रत होती, ती मी तिच्या हातावर ठेवली.

तिनं ती उजेडाकडे नेली. बराच वेळ बघितलं. मग बोट गालावर ठेवून म्हणाली, "ह्यो माझा माणूस न्हाई, दादा. इथं व्रण व्हता. कुठं गेला?"

मला अभिमानच वाटला. म्हटलं, बाई, तो मी काढून टाकला, कसा स्वच्छ दिसतोय बघा.

"तुम्ही काढला. पर त्यो लावला कुणी, ते इचारलं का?" ती म्हणाली. "मी लावला. लगीन होऊन वरीस बी झालं नव्हतं. कडब्याच्या गंजीत हात घातला तर लोखंड लागलं. इंजिन व्हतं, कुणाच्या तरी हिरीवरचं. मी भाकरी करून राह्यले व्हते. ते आले अन् हसले, जसं काई झालंच न्हाई. मी तापलेलं उलथनं फेकून मारलं. लई रगत गेलं. मंग मीच हळद भरली, मीच मांडीवर डोकं घेऊन बसले. गावात सांगितलं, इंजिनाचा पट्टा तुटून लागला. त्याच्यानंतर चार वर्सं त्यांनी कुणाच्या इंजिनाला वाकडा हात लावला न्हाई. गाल बघितला का त्यांला बी याद यायची अन् मला बी."

पाचव्या वर्षी काय झालं ते तिनं सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. एवढं मात्र ती आपण होऊन म्हणाली, की ज्याचं इंजिन गेलं त्याचीही बायको रडली असेल, हे तिला ठाऊक आहे.

आता कायदा पाळायचा तर तिला बाहेर काढायला हवं होतं. मला ते जमलं नाही. पेन्सिलीचं टचिंग पुसता येतं. कापसाला टर्पेंटाइन लावून निगेटिव्हवरून फिरवलं की चेहरा पुन्हा होता तसा. मी कापूस फिरवला. काचेवर व्रण परत आला, आणि मला कुणाचं तरी उचललेलं सामान जागेवर ठेवल्यासारखं वाटलं.

जोडीचा फोटो असा करायचा: तिला रिकाम्या खुर्चीशेजारी बसवून तिचा फोटो घ्यायचा, त्यात त्याचा फोटो कापून खुर्चीवर चिकटवायचा, सांधा कुंचल्यानं बुजवायचा आणि सगळ्याचा पुन्हा एक फोटो काढायचा. छातीवरची पाटी रंगवून मिटवायची होती, तिथं मी कोट सुचवला. ती म्हणाली, कोट नको, साधा सदरा असू द्या, कोट बघून लोकं म्हणतील ह्यो बी चोरलेलाच. बसली तेव्हा मी सांगितलं, इकडं काचेकडं बघा. ती बघायची आणि पुन्हा मान रिकाम्या खुर्चीकडे वळायची. तीनदा सांगितलं. शेवटी म्हणाली, "ते तिथंच बसनार हायेत नव्हं?" मी चाप दाबला.

मी डार्करूममध्ये असताना ती बाहेर बाकावर बसून होती. दाराच्या फटीतून तिचं गुणगुणणं ऐकू येत होतं. जात्यावरची ओवी, चाल जुनी, शब्द तिचे:

लोक म्हनती चोर बाई, लोकाचं खरं हाये
माझ्या कुंकवाला बाई दुसरं कपाळ न्हाये

डेव्हलपरच्या ट्रेमध्ये कागद हलवता हलवता माझा हात थांबला. मी चोराचा फोटो पोलिसांसाठी एक केला होता आणि तिच्यासाठी एक करत होतो. ह्या जगात तो चेहरा व्रणासकट हवा असलेले दोघंच होते, पोलीस आणि ती. आणि पोलिसांच्या पाकिटात मी नेमका तो बुजवून ठेवला होता. जाऊन सांगावं, साहेब, चूक झाली. पण चूक कबूल केली तर निगेटिव्हला पुन्हा हात का लावला, हेही सांगावं लागणार. माणूस तुरुंगात आहे, आता फोटो कोण बघतंय, असं म्हणून मी गप्प बसलो. झाकली मूठ सव्वा लाखाची. ही माझी खरी चूक, पेन्सिलीची नव्हे.

दुष्काळ आला. गयाबाई खडी फोडायला होती असं हसनाबादकडच्या गिऱ्हाइकांकडून कळायचं. लिंबाजी सुटून आला आणि वर्षभर सरळ राहिला. मग दोन विहिरींवरची इंजिनं गेली आणि लिंबाजीही गावातून गेला. आमच्या तालुक्यात त्याला सगळे तोंडानं ओळखत, म्हणून तो परतूरच्या बाजूला उतरला. तो भाग तेव्हा परभणी जिल्ह्यात. तिथल्या पोलिसांनी त्याला कधी बघितलेला नव्हता, म्हणून जमादारसाहेबांनी पाकिटातला फोटो तिकडे पाठवला.

परतूरजवळच्या आष्टीच्या बाजारात, हे मला नंतर कळलं, एका शिपायानं त्याला धरलं होतं. खिशातून फोटो काढला, तोंडाशी धरला. फोटोत गाल गुळगुळीत, समोर गालावर हातभर व्रण. शिपायानं त्याला सोडून दिलं. त्याच आठवड्यात तिथल्या एका शेतकऱ्याचं इंजिन गेलं आणि पाणी तुटून त्याचा ओंब्यांवर आलेला गहू वाळला. त्या माणसाचं तोंड मी कधी बघितलं नाही. पण त्याचा गहू माझ्या पेन्सिलीनं वाळवला, हे मी आजवर विसरू शकलेलो नाही.

एका दुपारी जमादारसाहेब दुकानात आले. त्यांनी गल्ल्यावर दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले. एक ठाण्यातला. दुसरा जोडीचा, हसनाबादला घराची झडती घेताना भिंतीवरून काढलेला.

"वाघमारे," ते म्हणाले, "आदमी एकच. हसू बी बराबर तेच. मंग गाल दोन कसे?"

 मी होतं ते सगळं सांगितलं, टचिंग, बाई, टर्पेंटाइन, काही झाकलं नाही.  ते म्हणाले की त्यांनी स्वतःच्या हातानं रजिस्टरमध्ये 'डाव्या गालावर व्रण' लिहिलं होतं आणि त्याच हातानं माझा फोटो पाकिटात घातला होता. मी गजाआड गेलो असतो आणि माझ्याबरोबर त्यांचीही नोकरी गेली असती. तेव्हा बोलायचं नाही, काम करायचं. जोडीच्या फोटोतून बाईला कापून टाकायचं आणि नुसत्या लिंबाजीच्या प्रती आजच्या आज काढायच्या.

मी कात्रीकडे बघतो तोच पायरीवर गयाबाई दिसली. फोटो नेला तशी ती पुढच्या बसनं फोटोच्या मागं आली होती. जमादारसाहेब चिडले. तिला म्हणाले, तू चोराची बायको, तू इथं बोलू नकोस. ती उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली, पण बोलली.

"साहेब, गावोगाव लोकं काठ्या घेऊन बसलेत. ज्याचं पीक गेलं त्याला मी काय म्हनू? पर त्यांच्या हाती लागले तर पुन्हा फोटो काढायला तोंड ऱ्हानार न्हाई. त्यांच्या आधी तुम्हाला गावले पायजेत. व्रणाचाच फोटो द्या. मी म्हनते म्हणून द्या." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "दादा, माझा फोटो मातर कापू नका."

मी साहेबांना सांगितलं, कापायची गरजच नाही. मूळ निगेटिव्ह मी जपून ठेवली आहे, आणि ती आता साफ आहे. जोडीचा फोटो त्यांनी एकदा उलटापालटा करून बघितला आणि तिच्या हातात दिला. झडतीच्या कागदावर त्याची नोंद झाली होती की नाही, ते मला ठाऊक नाही.

त्या दिवशी मी डार्करूममध्ये एकामागून एक प्रती काढल्या. प्रत्येक कागदावर आधी डोळे उमटायचे, मग हसू, मग व्रण. बाकावर गयाबाई बसून होती. आज ओवी नव्हती. प्रती घेऊन मी बाहेर आलो तेव्हा तिनं एकही बघितली नाही. माझ्या मनात आलं, उलथनं फेकलं तेव्हा निदान हळद भरायला मांडी तरी होती. ह्या वेळी तिनं नवऱ्याला परक्यांच्या हाती दिला होता, आणि ते माझ्या हातून. मला तेव्हा रडू आलं आणि मी डोळ्यात हायपोचं औषध गेल्याचं सांगितलं. ती म्हणाली, पानी मारा. तिला सगळं कळत होतं.

चार दिवसांनी परतूरच्या स्टँडवर चहावाल्यानं गाल ओळखला. गर्दी जमली होती, दोन-चार हात पडलेही होते, पण शिपाई वेळेवर पोचले. लिंबाजी जिवंत सापडला. जमादारसाहेबांनी येऊन तेवढंच सांगितलं आणि नेहमीसारखा फुकटचा चहा पिऊन गेले.

त्यानंतर गयाबाई आली नाही. मी वाट बघायचो हे कबूल करतो. हसनाबादची बस आली की नजर आपोआप पायरीकडे जायची. वाटायचं, आपण केलं ते बरोबर, पण ती आपल्याला माफ करेल का? आणि कुणी पाहुणा सहज म्हणायचा, फोटोवाल्याचा धंदा बरा, ना कुणाच्या घेण्यात ना देण्यात. मी हो म्हणायचो.

तीन-चार वर्षं अशी गेली. एका सकाळी ती पायरीवर उभी, आणि तिच्या मागं लिंबाजी. केस पिकलेले, अंगानं निम्मा झालेला. मी गल्ल्यामागं सरकलो. तोच म्हणाला, "घाबरू नका, दादा. मला समदं ठाव हाय. पहिल्या बारीला हिनं उलथनं फेकून मारलं, दुसऱ्या बारीला फोटो. तिसऱ्या बारीला काय मारंल सांगता येत न्हाई, म्हणून इंजिनाचं कामच सोडलं." आता बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा बसवतो म्हणाला. "त्या चोरून कोन नेनार?"

तिनं बोचक्यातून जुना जोडीचा फोटो काढला, काच तडकलेली. लिंबाजीनं तो हातात घेतला आणि मला विचारलं, "ही कुनाकडं बघून राह्यली?"

"खुर्चीकडं," मी म्हटलं. "तुम्ही नव्हता तिथं."

 मी पडदा सोडला, हंसांचं तळं. दोघांना बसवलं. ह्या वेळी ती सरळ काचेकडे बघत होती, ताठ, पदर सारखा करून. त्याला मी सांगितलं, इकडं बघा. तो बघायचा आणि मान पुन्हा तिच्याकडे वळायची. दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही, आणि 'हसा' तर म्हणालोच नाही.

बस दुपारची होती, म्हणून मी तेव्हाच प्रत काढायला घेतली. निगेटिव्ह डेस्कवर ठेवली, खालून उजेड आला, पेन्सिल हातात होती. ती खाली ठेवून मी डेस्क बंद केलं.

प्रत अजून ओलसर होती. गयाबाई ती उजेडाकडे घेऊन गेली आणि त्याच्या डाव्या गालावर बोट ठेवलं.

"हाय," ती म्हणाली, आणि दोघं बस धरायला निघाले.